सबोनिस–हॅलिबर्टन ट्रेड : दोन्ही संघांचा फायदा झाला, हे ठरवायचं कसं?

८ फेब्रुवारी २०२२ रोजी एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये एक अदलाबदल झाली. सॅक्रामेंटो किंग्सने टायरीस हॅलिबर्टन हा २१ वर्षांचा, सगळ्या शहराचा लाडका झालेला खेळाडू इंडियाना पेसर्सला दिला. त्याच्यासोबत बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसनही गेले. बदल्यात २५ वर्षांचा डोमांटास सबोनिस, शिवाय जेरेमी लॅम्ब, जस्टिन हॉलिडे आणि दुसऱ्या फेरीतला एक पिक (नवोदित खेळाडू निवडण्याची पाळी) किंग्सकडे आला. किंग्सवर टीकेची झोड उठली. हातातला हिरा कुणी असा देतं का, हाच सूर सगळीकडे होता.

वर्षभरात सूर पालटला. २०२२-२३ च्या हंगामात किंग्स पश्चिम विभागात तिसरे आले आणि १६ हंगामांनंतर प्लेऑफमध्ये पोहोचले. आता ‘दोघांचाही फायदा झालेला ट्रेड’ म्हणून याचंच उदाहरण दिलं जाऊ लागलं. मग जून २०२५ मध्ये हॅलिबर्टनने पेसर्सला थेट फायनलच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत नेलं आणि पुन्हा तीच ओरड झाली, ‘सॅक्रामेंटोने काय गमावलं बघा!’

ट्रेड एकच, पण तीन वर्षांत त्यावर तीन निकाल लागले. अशा वेळी निकाल कुठल्या पद्धतीने लावला जातोय, ते तपासायला हवं.

आपल्यासाठी या दोन संघांचा एक खरा धागा मुंबईत आहे. एनबीएचे भारतातले पहिले सामने ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले, तेव्हा समोरासमोर उभे होते ते नेमके किंग्स आणि पेसर्स. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने १३२-१३१ असा जिंकला. किंग्सचे मालक विवेक रणदिवे मुंबईतच वाढले. त्या संध्याकाळी डोममध्ये बसलेल्या शाळकरी मुलांपैकी कितीतरी जण आज हे दोन संघ आवर्जून पाहत असतील. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि आयपीएलमुळे ‘ट्रेड’ हा शब्द नव्याने ऐकू लागलेल्या सगळ्यांसाठी.

ट्रेडमध्ये नेमकं काय हातबदल होतं?

नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईकडे गेला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानकडे आले, तेव्हा आपल्याकडे घरोघरी एकच प्रश्न होता, ‘कोण फायद्यात?’ एनबीएमध्ये हा प्रश्न वर्षभर चालू असतो, कारण तिथे खेळाडूंची दरवर्षी बोली लागत नाही. खेळाडू अनेक वर्षांचा करार करतो आणि ट्रेड होतो तो त्या कराराचा. करारातली उरलेली वर्षं आणि ठरलेला पगार जशाच्या तशा नव्या संघाच्या गळ्यात पडतात. एखाद-दुसरा मोठा खेळाडू सोडला तर या व्यवहारात खेळाडूची संमती लागत नाही.

दुसरी गोष्ट पगाराच्या मर्यादेची. संघाने खेळाडूंवर किती खर्च करायचा यावर लीगने घातलेल्या बंधनाला ‘कॅप’ म्हणतात. २०२१-२२ मध्ये ती ११ कोटी २४ लाख डॉलर होती. काही सवलती वापरून संघ तिच्या वर जातात, पण मग ट्रेड करताना अट येते की जेवढ्या पगाराचे खेळाडू द्याल, साधारण तेवढ्याच पगाराचे घ्यायचे. हॅलिबर्टनला तेव्हा वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर मिळत होते आणि सबोनिसला त्याच्या चौपटीहून जास्त. दोघांचीच अदलाबदल नियमात बसली नसती. दोन कोटी डॉलरहून अधिक पगार असलेला हील्ड या व्यवहारात आला त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणून ट्रेडच्या बातमीत सहा नावं दिसली की सहाही जण हवे होते म्हणून आले, असं समजू नये. काही जण हिशेब जुळवायला आलेले असतात.

तिसरी गोष्ट ‘पिक’. दर वर्षी नवोदित खेळाडूंची निवड होते आणि त्यात साधारणपणे कमकुवत संघांना आधी संधी मिळते. ही निवडीची पाळी म्हणजे पिक. संघ पुढच्या वर्षांच्या पाळ्याही आजच देऊन टाकू शकतो. म्हणजे ट्रेडमध्ये आजचा खेळाडू असतो, त्याचा पगार असतो आणि अजून शाळेत असलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या एखाद्या मुलावरचा हक्कसुद्धा असतो.

दोघांचा फायदा होऊच कसा शकतो?

बऱ्याच जणांच्या मनात पहिली शंका हीच येते. सामन्यात एक जिंकतो आणि दुसरा हरतो. मग ट्रेडमध्ये दोघे कसे जिंकतील?

लग्नात एका जोडप्याला दोन मिक्सर आले आणि शेजारच्या जोडप्याला दोन कुकर. पहिल्या घरात कुकर नाही, दुसऱ्या घरात मिक्सर नाही. दोघांनी एकेक वस्तू बदलून घेतली तर दोन्ही स्वयंपाकघरं सुधारतात. मिक्सर बाजारात कुकरपेक्षा महाग असेल, तरीही सुधारतात. दुसरा मिक्सर माळ्यावर पडून राहणार असेल, तर त्या घराला त्याचा उपयोग त्याच्या किमतीहून कितीतरी कमी असतो.

किंग्सकडे हे दोन मिक्सर म्हणजे डी’आरन फॉक्स आणि हॅलिबर्टन. दोघेही गार्ड, म्हणजे चेंडू हातात ठेवून डाव रचणारे. त्यांच्या जोडीला २०२१ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडलेला डेव्हियन मिचेल, तोही गार्डच. चेंडू मात्र एकच. शिवाय उंच खेळाडूंमध्ये ज्याच्याभोवती आक्रमण उभारावं असं कुणी नव्हतं.

पेसर्सची गत नेमकी उलटी होती. सबोनिस आणि माइल्स टर्नर हे दोघे उंच खेळाडू, दोघांनाही बास्केटजवळची जागा हवी. टर्नरला बाहेर पाठवून, सबोनिसची जागा बदलून त्यांनी काही वर्षं जमवून पाहिलं. अंगण पुरेना. आणि डाव रचणारा पहिल्या दर्जाचा तरुण गार्ड त्यांच्याकडे नव्हता.

म्हणून या व्यवहारात ‘सबोनिस मोठा की हॅलिबर्टन?’ हा प्रश्न पुरेसा नाही. किंग्सला सबोनिस किती उपयोगी आणि पेसर्सला हॅलिबर्टन किती उपयोगी, असे दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरं एकाच पट्टीवर मांडता येत नाहीत.

कशाच्या तुलनेत फायदा?

ट्रेडच्या आधी संघ किती सामने जिंकत होता आणि नंतर किती जिंकला, एवढं पाहून बहुतेक चर्चा संपते. पण मधल्या काळात प्रशिक्षक बदलतो, नवे खेळाडू येतात, कुणी जखमी होतं. खरी तुलना करायची ती ‘ट्रेड झालाच नसता तर काय झालं असतं’ याच्याशी. ते कुणालाच दिसत नाही, म्हणून अंदाज काळजीपूर्वक बांधावा लागतो.

किंग्सचं पाहू. ट्रेडच्या वर्षी त्यांनी ८२ पैकी ३० सामने जिंकले, म्हणजे लगेच काहीच दिसलं नाही. पुढच्या हंगामात ४८. या १८ सामन्यांच्या फरकाचं सगळं श्रेय ट्रेडला देणं चूक आहे. माइक ब्राउन नवे प्रशिक्षक म्हणून आले आणि एकमताने वर्षातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. चौथ्या क्रमांकावर निवडलेला कीगन मरे आला, केव्हिन हर्टर आणि मलिक मंक आले. शिवाय त्या वर्षी मुख्य पाच जण फारसे जखमी झाले नाहीत. सबोनिस तर उजव्या अंगठ्याचं हाड दुखावलेलं असताना ७९ सामने खेळला.

मग सबोनिसचा वाटा कुठे शोधायचा? माझ्या मते तो संघ खेळत कसा होता यात दिसतो. त्या वर्षी किंग्स पुन्हा पुन्हा एक डाव खेळत. सबोनिस फ्री थ्रोच्या रेषेच्या टोकाशी बास्केटकडे पाठ करून, चेंडू दोन्ही हातांत धरून उभा. कोपऱ्यातून हर्टर धावत येतो, त्याचा बचावपटू त्याच्या पाठोपाठ. हर्टर सबोनिसला घासूनच जातो आणि त्या क्षणी चेंडू हातातून हातात जातो. त्याच वेळी जवळपास सात फुटी सबोनिसचं अंग पाठलाग करणाऱ्याच्या वाटेत भिंतीसारखं येतं. हर्टर मोकळा, तिथून थेट तीन गुणांचा शॉट. सबोनिसचा बचावपटू हर्टरवर धावून गेला, तर सबोनिस वळून बास्केटकडे सुटतो आणि पास त्याला मिळतो. बचावपटूने आधीच अंदाज बांधून पुढे उडी घेतली, तर हर्टर दिशा बदलून मागच्या मागे बास्केटखाली शिरतो आणि सबोनिस त्याच्या पुढ्यात चेंडू टाकतो. एका जागी उभ्या असलेल्या एका माणसाने तीन दारं उघडी ठेवलेली असतात.

या खेळावर किंग्सने सामन्यागणिक सरासरी १२०.७ गुण केले. हा त्या वर्षीचा लीगमधला सर्वात मोठा आकडा होता. सबोनिसची सरासरी १९.१ गुण, १२.३ रिबाउंड आणि ७.३ असिस्ट. रिबाउंड म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर पकडलेला चेंडू, असिस्ट म्हणजे ज्यावर लगेच बास्केट होते तो पास. रिबाउंडमध्ये तो लीगमध्ये पहिला होता. हा डाव हॅलिबर्टन ठेवून खेळता आला नसता, कारण त्या जागी उभं राहून इतकं अचूक पास देणारा उंच खेळाडूच संघात नव्हता. आणि हॅलिबर्टन गेल्यावर चेंडू निर्विवादपणे फॉक्सच्या हाती आला. सामन्याच्या अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांतल्या कामगिरीसाठी दिला जाणारा नवा पुरस्कार त्या वर्षी पहिल्यांदा त्यालाच मिळाला. फॉक्स आणि सबोनिस दोघेही हंगामातल्या सर्वोत्तम पंधरा खेळाडूंत निवडले गेले.

किंग्सच्या बाजूचं मोजमाप इथे ठोस आहे. ट्रेडमुळे कुठला दरवाजा उघडला ते बोट ठेवून दाखवता येतं. सॅक्रामेंटोत प्रत्येक विजयानंतर मैदानाच्या छतावरून आकाशात जांभळा प्रकाशझोत सोडायची प्रथा त्याच हंगामात सुरू झाली. १६ वर्षं वाट पाहिलेल्या शहराला तो झोत काय वाटला असेल, हे विजयांच्या तक्त्यात मावत नाही. पण फायद्याच्या हिशेबात तो धरलाच पाहिजे. संघ शेवटी कुणासाठी खेळतो?

पेसर्सला काय मिळालं?

पेसर्सची वाट वेगळी होती. ट्रेडच्या वर्षी २५ विजय, पुढच्या वर्षी ३५, मग ४७, मग ५०. त्यांनी आजचा तयार खेळाडू देऊन उद्याचा घेतला होता, म्हणून पहिल्या वर्षी त्यांना गुणपत्रिकेत फार काही दाखवता आलं नाही.

हॅलिबर्टन चेंडू हातात आला की धावत सुटत नाही. मान वर करून पाहतो आणि तीस-चाळीस फूट पुढे पळणाऱ्या सहकाऱ्याला थेट पास देतो. विरोधी संघाचा बचाव जागेवर येण्याआधीच शॉट झालेला असतो. सहकारी पळतात, कारण पळालं तर चेंडू मिळणार याची त्यांना खात्री असते. २०२३-२४ मध्ये त्याची सरासरी १०.९ असिस्ट होती, लीगमध्ये पहिली. त्याच हंगामात, जानेवारी २०२४ मध्ये, टोरांटोकडून पास्कल सियाकम आला आणि संघ पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोहोचला. पुढच्या वर्षी तिथेच न्यूयॉर्कविरुद्ध चौथ्या सामन्यात हॅलिबर्टनने ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड केले आणि पूर्ण सामन्यात चेंडू एकदाही गमावला नाही. प्लेऑफच्या इतिहासात असं आधी कुणी केलेलं नव्हतं. ज्याच्या हातात चेंडू सर्वाधिक वेळ असतो त्याने तो एकदाही न गमावणं म्हणजे काय, हे ज्याने शाळेच्या मैदानावरही बास्केटबॉल खेळलंय त्याला लगेच कळेल.

यात पगाराचाही भाग आहे आणि टीकाकारांचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच होता. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांपर्यंतचा आणि ठरलेल्या दराने असतो, खेळाडू कितीही चमकला तरी. ट्रेड झाला तेव्हा हॅलिबर्टनची अशी दोन पूर्ण वर्षं बाकी होती. उत्तम खेळाडू कमी पगारात असला की उरलेल्या पैशांत दुसरे चांगले खेळाडू घेता येतात. किंग्सने खेळाडूबरोबर ही सवलतही दिली होती.

‘आकडे काढा, एका मिनिटात कळेल’

आकड्यांचे चाहते हा आक्षेप घेतात, आणि तो सगळाच चुकीचा नाही. खेळाडू मैदानात असताना संघाने किती गुण केले आणि किती दिले, यातल्या फरकाला प्लस-मायनस म्हणतात. त्याचीच सुधारलेली, सहकारी आणि प्रतिस्पर्धी लक्षात घेणारी अनेक मापं आता आहेत. अशा बहुतेक मापांवर गेल्या काही हंगामांत हॅलिबर्टन सबोनिसच्या पुढे दिसतो.

पण ही मापं खेळाडू ज्या संघात आहे तिथली कामगिरी सांगतात. सॅक्रामेंटोत फॉक्सच्या शेजारी, अर्धा वेळ चेंडूशिवाय उभा राहिलेला हॅलिबर्टन तेवढाच मोठा झाला असता का, हे त्यातून कळत नाही. मला वाटतं, तोही मोठा झाला असता, पण इतका नाही. पेसर्सने त्याला पहिल्या दिवसापासून सगळा संघ सोपवला. त्याची ही वाढ काही अंशी त्या जागेने दिलेली आहे. मग ती पूर्णपणे ‘किंग्सने गमावलेली’ कशी म्हणायची?

‘एक फायनलला गेला, दुसरा घरी बसला. मग किंग्स हरलेच ना?’

हा आक्षेप सर्वात जास्त ऐकू येतो आणि त्याला सरळ भिडायला हवं.

आधी त्यातला खरा भाग. सबोनिसभोवतीच्या संघाला एक मर्यादा होती आणि ती पहिल्याच प्लेऑफमध्ये दिसली. गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्धच्या मालिकेत त्यांचा उंच खेळाडू केव्हॉन लूनी सबोनिसपासून दोन पावलं मागे, बास्केटजवळ उभा राहू लागला. सबोनिस लांबून शॉट मारायला कचरतो हे त्यांनी हेरलं होतं. मघाशी सांगितलेली तीन दारं त्यामुळे अरुंद झाली. लूनीने त्या मालिकेत तीन वेळा वीस किंवा जास्त रिबाउंड घेतले, आणि सातव्या सामन्यात वॉरियर्सच्या स्टेफ करीने सॅक्रामेंटोत येऊन ५० गुण ठोकले. बचावातही किंग्स लीगच्या खालच्या भागातच होते. सबोनिस बास्केटखाली विरोधकांना धाक वाटावा असा बचावपटू नाही, आणि हे ट्रेडच्या दिवशीही माहीत होतं. हा तोटा ट्रेडच्याच खात्यात जायला हवा.

पण पुढची पडझड? २०२३-२४ मध्ये किंग्सने ४६ सामने जिंकले, म्हणजे फक्त दोन कमी, आणि पश्चिमेत चुरस एवढी वाढली होती की ते नववे आले आणि प्लेऑफ हुकलं. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांना हंगामाच्या मध्यावर काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्स सॅन अँटोनियोला गेला. सबोनिस या काळातही सलग तिसऱ्या वर्षी रिबाउंडमध्ये पहिला होता. प्रशिक्षक काढायचा, बाजूने बचावपटू आणायचे की नाही, हे निर्णय नंतरचे आहेत. २०२२ चा ट्रेड चांगला असूनही त्यावर पुढे नीट बांधणी होऊ शकली नाही, असंच मला यात दिसतं. ही दोन खाती एकत्र केली की कुठल्याच ट्रेडचा प्रामाणिक हिशेब होत नाही.

दुसऱ्याने जास्त मिळवलं म्हणून आपलं नुकसान झालं, ही सवयही सोडायला हवी. पेसर्स फायनलला गेले यामुळे किंग्सची तिसरी जागा पुसली जात नाही. दोघांचा फायदा झाला याचा अर्थ सारखाच फायदा झाला असा नाही. माझा हिशेब असा : पेसर्सला बरंच जास्त मिळालं, किंग्सला कमी पण खरं मिळालं.

एक टोचणारा प्रश्न मात्र राहतो. तो मिक्सर देऊन कुकरपेक्षा चांगलं काही आणता आलं असतं का? हॅलिबर्टनला ठेवून फॉक्सला दिलं असतं तर? तीन वर्षांनी फॉक्स गेलाच, हे पाहिलं की हा पर्याय जास्त आकर्षक वाटतो. पण त्या दिवशी फॉक्सचा मोठा करार नुकताच सुरू झाला होता, तो सिद्ध झालेला होता, आणि इतर संघ त्याच्या बदल्यात काय देत होते हे बाहेरच्या कुणाला नक्की ठाऊक नाही. ज्या व्यवहाराचा दुसरा पर्याय आपल्याला दिसतच नाही, त्यावर ‘यापेक्षा चांगलं मिळालं असतं’ असं ठामपणे म्हणणं धाडसाचं आहे.

निर्णय आणि नशीब वेगळे काढायचे

डॅलसचं उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने २५ वर्षांचा लुका डॉन्चिच लेकर्सला दिला. आठ महिन्यांपूर्वीच त्याने संघाला फायनलपर्यंत नेलं होतं. बदल्यात ३१ वर्षांचा अँथनी डेव्हिस, मॅक्स ख्रिस्ती आणि पहिल्या फेरीतला एकच पिक. डेव्हिस डॅलसकडून पहिल्याच सामन्यात जखमी झाला. संघ प्लेऑफला मुकला. मग मे महिन्यात निवडीचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत डॅलसचा पहिला क्रमांक लागला. त्याची शक्यता होती १.८ टक्के. त्यातून कूपर फ्लॅग हा नवोदित खेळाडू मिळाला.

आता, फ्लॅग मिळाला म्हणून डॉन्चिचचा ट्रेड शहाणपणाचा ठरतो का? नाही. तो निर्णय घेताना सोडतीची कल्पना कुणाच्या मनात असणं शक्यच नव्हतं. व्यवहार ठरवणारे निको हॅरिसन यांना नोव्हेंबर २०२५ मध्ये पद सोडावं लागलं. फ्लॅगच्या खेळाचा आनंद घ्यावा, पण तो ट्रेडच्या जमेत लिहू नये.

हाच नियम उलटाही लागतो. २२ जून २०२५ रोजी फायनलच्या सातव्या सामन्यात, पहिल्याच भागात, हॅलिबर्टनच्या उजव्या पायाचा टाचेमागचा अकिलीस स्नायुबंध तुटला आणि पुढचा अख्खा हंगाम त्याला खेळता येणार नाही हे स्पष्ट झालं. पेसर्स तो सामना ९१-१०३ असे हरले. या दुखापतीमुळे २०२२ चा निर्णय चुकीचा ठरत नाही. निर्णय तपासायचा तो त्या दिवशी टेबलावर असलेल्या माहितीवर : वय, करार, संघाची गरज, दुखापतींचा इतिहास.

किती वर्षांनी निकाल द्यायचा?

ट्रेडनंतर तासाभरात माध्यमांनी दोन्ही संघांना दिलेल्या ग्रेड वाचायला मजा येते, पण त्या अपेक्षांचं मोजमाप असतात. बरं, खूप वाट पाहायची म्हटलं तरी पंचाईत आहे.

२०१३ मध्ये ब्रुकलिन नेट्सने केव्हिन गार्नेट आणि पॉल पीअर्स या वयस्क दिग्गजांसाठी बोस्टन सेल्टिक्सला पहिल्या फेरीतले भारंभार पिक देऊन टाकले. नेट्स पुढच्या वर्षी प्लेऑफची एक मालिका जिंकले, तेवढंच. त्या पिकांच्या वाटेने बोस्टनला जेलन ब्राउन आणि जेसन टेटम मिळाले आणि २०२४ मध्ये ते विजेते झाले, म्हणजे अकरा वर्षांनी. उलट टोरांटो रॅप्टर्सने २०१८ मध्ये काव्हाय लेनर्डला आणलं, तो एकच हंगाम राहिला, पण त्या हंगामात त्यांनी त्यांचं पहिलं विजेतेपद जिंकलं. त्या ट्रेडचा निकाल बारा महिन्यांत लागला आणि तो कधी बदलणार नाही.

आणि धागा मागेही जातो. सबोनिस मुळात पेसर्सकडे आला तो २०१७ मध्ये, पॉल जॉर्जच्या बदल्यात, व्हिक्टर ओलाडिपोसोबत ओक्लाहोमा सिटीहून. त्याही दिवशी पेसर्सवर टीका झाली होती. दोन वर्षांनी ओक्लाहोमाने तोच जॉर्ज क्लिपर्सला दिला आणि शे गिलजस-अलेक्झांडर आणि पिकांचा ढीग मिळवला. त्यातल्या एका पिकावर जेलन विल्यम्स आला. २०२५ च्या फायनलमध्ये एका बाजूला गिलजस-अलेक्झांडर आणि विल्यम्स होते, दुसऱ्या बाजूला सबोनिसच्या बदल्यात आलेला हॅलिबर्टन. आठ वर्षांपूर्वीच्या एका ट्रेडचे दोन्ही पक्ष विजेतेपदासाठी एकमेकांशी झुंजत होते. दोघांच्या फायद्याचं याहून लखलखीत उदाहरण मला माहीत नाही.

तरी साखळीतली प्रत्येक कडी पहिल्या ट्रेडच्या नावावर लिहायला मी तयार नाही. मी स्वतः खेळाडूचा हातातला करार आणि नव्या संघाने दिलेला पहिला मोठा करार संपेपर्यंतचा काळ धरतो. त्यापुढे तो खेळाडू पुन्हा ट्रेड झाला, तर तो नवा व्यवहार. जॉर्जला पुढे क्लिपर्सकडे देताना ओक्लाहोमाने दाखवलेलं चातुर्य हे त्या दिवसाचं चातुर्य आहे.

आणि खेळाडूचं काय?

‘दोन्ही पक्ष’ म्हणताना आपण संघच धरतो. हॅलिबर्टनला सॅक्रामेंटोतच राहायचं होतं, आणि ट्रेडने आपल्याला किती दुखावलं हे त्याने पुढे उघडपणे सांगितलं. सबोनिस पेसर्सकडे साडेचार वर्षं राहिलेला, तिथेच दोनदा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवडला गेलेला. संघांचा फायदा मोजताना माणसांची ही उलथापालथ गृहीत धरली जाते. ती मोजण्याचं माप कुणाकडे नाही, पण तिचा उल्लेख तरी व्हावा असं मला फार वाटतं.

२०२३ च्या उन्हाळ्यात दोन्ही संघांनी आपापल्या खेळाडूला पाच वर्षांचा मोठा करार दिला. ट्रेड फसला असता तर त्यांनी तसं केलं नसतं. सबोनिसचा करार २०२७-२८ पर्यंत आहे, हॅलिबर्टनचा २०२८-२९ पर्यंत. फॉक्सला चेंडू मोकळा करून देणं हे किंग्सच्या ट्रेडमागचं अर्धं कारण होतं आणि फॉक्स आता सॅन अँटोनियोत आहे. त्यामुळे किंग्सच्या बाजूला यापुढे नवं काही जमा होईल असं मला दिसत नाही. त्यांचा फायदा प्रामुख्याने २०२२-२३ चाच राहील. पेसर्सची बाजू मात्र हॅलिबर्टन बऱ्या झालेल्या पायावर पुन्हा कसा धावतो, यावर अजून बदलू शकते.